शकूताई, तो सिनेमा वाईटच आहे

शकूताई,

तुमच्या शोकसभेत चार जणांनी सांगितलं की तुमचं सगळ्याच सिनेमांवर प्रेम होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि दर वेळी मला उठून ओरडावंसं वाटत होतं. सगळ्याच? तुमचं? एका जुन्या चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीत तीस वर्षं बसून, रांगेतल्या माणसाला "घ्या तिकीट, पण बाल्कनीतला पंखा बंद आहे आणि पडद्यावरचा नायकही" असं सांगणाऱ्या बाईचं?

मग अरविंदकाका उभे राहिले. आपल्या रविवारच्या मंडळींतले सगळ्यांत जुने, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. म्हणाले, "शकूताईंच्या तोंडून मी कधी कुणाबद्दल वाईट शब्द ऐकला नाही." त्यांनाच तुम्ही भर खोलीत म्हणाला होतात, "अरविंदराव, सिनेमा बघायचाय की घोरायचंय, एकदा काय ते ठरवा." तेव्हा ते हसले होते आणि पुढचे तीन रविवार आले नव्हते. आता ते हार घातलेल्या फोटोकडे बघून डोळे पुसत होते. फोटो निवडणाऱ्याचाही मला राग आला. त्यात तुम्ही कुणाचीतरी मऊ आजी दिसत होतात.

माणूस गेला की त्याला बोथट करून घ्यायची ही आपली पद्धत मला मान्य नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे, कारण यात माझी एक लबाडी आहे आणि तुमची एक चूक आहे. लबाडी तुम्ही ओळखली होती. चूक मला तुम्ही गेल्यावर कळली.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा पुण्यात येऊन मला चार महिने झाले होते. खराडीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचा मजकूर तपासायचा आणि खोलीवर येऊन चिडायचं, एवढंच चाललं होतं. आमचं घर चंद्रपूरचं. बाबा कारखान्यात होते आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवर. पाचवीत असताना मी एका हाताने पत्रकाची घडी घालायचे आणि दुसऱ्या हाताने पोळी खायचे. माझं नाव समता का ठेवलं असेल हे ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. तुमच्याही आलं असणार. तुम्ही म्हणालात, "समता, त्या खुर्च्या एका रांगेत लाव. एक पुढे, एक मागे नको." आणि स्वतःच हसलात.

शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर तुमच्या दोन खोल्या. पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा, समोर पांढरी चादर ताणायची, कुणाच्यातरी ऑफिसातून बाद झालेला प्रोजेक्टर स्टुलावर ठेवायचा. दर रविवारी दुपारी चार वाजता. पंधरा-सोळा माणसं आणि दाराबाहेर तेवढेच चपलांचे जोड. मध्यंतर तुम्ही हट्टाने ठेवायचात. बाहेरच्या देशातल्या सिनेमांना मध्यंतर नसतं, असं कुणी म्हटलं की म्हणायचात, "त्यांच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे. चहा काय पडद्यातून येणार?"

सिनेमा संपला की दोन फेऱ्या. पहिली 'दिसलं'ची, दुसरी 'वाटलं'ची. पहिल्या फेरीत प्रत्येकाने डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट सांगायची, फक्त दिसलेली. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्या फेरीत तोंड उघडायचं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्याच रविवारी सुरुवात केली, "हा सिनेमा प्रतिगामी आहे."

"असेल बाई. दिसलं काय तुला?"

"त्याचा दृष्टिकोनच मुळात..."

"दृष्टिकोन कुठे बसला होता? खुर्चीत की खाली?"

सगळे हसले. माझे कान तापले. "भिंत, भांडं, माणूस, काहीतरी दिसलं असेल की," तुम्ही म्हणालात. मला आठवेना. दोन तास पडद्याकडे बघून मी मनातल्या मनात भाषण लिहीत होते. "बरं, मग आज कप तू विसळ," तुम्ही म्हणालात, "आणि पुढच्या रविवारी काहीतरी बघून जा."

मी कप विसळले. इतका अपमान मला कॉलेजात कुणी केला नव्हता. तरी पुढच्या रविवारी आले. तेव्हा मला दिसलं की गरीब घराच्या मांडणीतली पातेली सगळी नवी कोरी होती, एकाच्याही बुडाला काजळी नव्हती. तुम्ही मान हलवलीत. "आता बोल," म्हणालात. त्यानंतर मी पंधरा मिनिटं बोलले आणि तुम्ही मला एकदाही अडवलं नाहीत.

सभेत कुणीही तुमची खरी मतं सांगितली नाहीत, म्हणून मीच सांगते. ज्या सिनेमात माणसं नीट जेवतात तो निम्मा तरी चांगला असतो, असं तुम्ही म्हणायचात. घास तोंडात जायला हवा, गिळायला हवा, बोलता बोलता ताटातलं कमी व्हायला हवं. जेवणाच्या प्रसंगात ताट शेवटी भरलेलंच राहिलं तर तुम्ही उरलेल्या सिनेमावर विश्वास ठेवायचा नाहीत. ऐतिहासिक सिनेमातल्या सैनिकाच्या अंगरख्याला इस्त्री दिसली की "परीट कुठल्या गडावर होता?" असं विचारायचात. थोर माणसांच्या आयुष्यावरचे सिनेमे तुम्हाला सोसायचे नाहीत. त्यांतल्या थोर माणसाला लहानपणापासून आपण थोर आहोत हे माहीत असतं, ही तुमची तक्रार. व्हायोलिन सुरू झालं की तुम्ही पदर तोंडाला लावायचात. नवख्याला वाटायचं तुम्हाला रडू येतंय. तुम्ही जांभई देत असायचात.

आणि चांगला सिनेमा? एकदा तुम्ही एका अगदी साध्या, फारसं नाव नसलेल्या सिनेमावर आठवडाभर बोलत होतात. त्यात एक बाई शिवणयंत्रात दोरा ओवते. पहिल्यांदा चुकते. दोरा जिभेने ओला करते, परत ओवते. "त्याने कापलं नाही," तुम्ही म्हणालात. "चुकलेलं ठेवलं. त्याला त्या बाईची घाई नव्हती." हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मी तेव्हा म्हणाले होते की दोरा ओवून कुणाचा प्रश्न सुटतो? तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रकांनी किती सुटले?" त्यावर मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आपलं एक भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. बायकांच्या अंगावरून विनोद करणारे ते जुने तमाशापट आणि विनोदी सिनेमे. तुम्ही ते बघून खो खो हसायचात. मी विचारलं होतं, लाज कशी वाटत नाही? तुम्ही म्हणालात, "वाटते की. हसू आलं, ते खरं. घरी येऊन भांडी घासताना लाज वाटली, तेही खरं. तुला त्यातलं एकच हवंय." मला आजही ते उत्तर पळवाट वाटतं. मी त्यावर आणखी बोलणार होते. मुद्दे काढून ठेवले होते.

आता त्या सिनेमाकडे येते.

अमोलचा पहिला सिनेमा. अमोल चिंचवडकडचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. कारखान्यातल्या संपाची गोष्ट. तुम्ही तो खोलीत दाखवायचं ठरवलंत आणि त्याला सांगितलंत की पहिल्या खेळाला तू यायचं नाहीस. "करणारा समोर बसला की माणसं खोटं बोलतात," हे तुमचं कारण. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

पहिला तासभर सगळं काही कारखान्याच्या साहेबाच्या घरातून दिसतं. साहेब, त्याची बायको, त्यांचा मुलगा, त्यांची मोठी काचेची खिडकी. संप खिडकीबाहेर आहे. कामगार म्हणजे खालून येणारा गोंगाट आणि लांबवर हलणारी डोकी. मला माझ्या घरातलं सगळं आठवलं. बाबांचं निलंबन, आईने सहा महिने कुणाकडेही जायचं टाळलं ते, आणि कुणीतरी वरून आमच्याकडे 'गर्दी' म्हणून बघत असणार याचा लहानपणी आलेला राग. मध्यंतरात तुम्ही चहा गाळत होतात. मी चपला घातल्या आणि जिना उतरले. खराडीची बस हे माझं नेहमीचं कारण होतं, त्यामुळे नंतर कुणी विचारलंही नाही.

बसमध्येच लिहायला घेतलं. 'खिडकीतून पाहिलेला संप' असं नाव दिलं. आणि त्यात हे वाक्य लिहिलं: "संपूर्ण सिनेमात एकाही कामगाराला नाव नाही." संपूर्ण सिनेमात. हे मी हाताने लिहिलं, ताई, मान वर करून. मला ते वाक्य फार आवडलं होतं. अजूनही त्याची लय मला बरोबर वाटते, आणि म्हणूनच त्याची जास्त चीड येते.

दोनशे प्रती काढल्या. सिनेमा ज्या कॉलेजच्या मंडळात दाखवणार होते त्या कॉलेजच्या फाटकावर वाटल्या, स्वारगेटजवळ ज्या सभागृहात दुसरा खेळ होता तिथे वाटल्या, आणि फोनवर तर कुठे कुठे गेलं त्याचा पत्ता नाही. बाबांना पाठवलं. बाबा म्हणाले, "बेस लिहिलं, पोरी." आठवड्याच्या आत दोन्ही खेळ रद्द झाले. कॉलेजवाले म्हणाले, वाद नको. सभागृहवाले म्हणाले, वाद नको. आपल्या मंडळींतल्या ज्यांनी अख्खा सिनेमा पाहिला होता, त्यांनीही वाद नको म्हणून ते वाक्य खोडून काढलं नाही. मला वाटलं, जिंकले. 'वाद नको' म्हणणाऱ्यांच्या जिवावर जिंकले हे मला तेव्हा कळलं नाही.

तुमचा फोन आला तो दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत.

"समता, त्या दिवशी तुझ्या चपला मध्यंतरानंतर दिसल्या नाहीत."

मी डब्याचं झाकण लावलं.

"तिकीट खिडकीत बसलेली आहे गं मी. कोण आत गेलं नि कोण बाहेर आलं, एवढंच तर बघितलं आयुष्यभर. ये एकदा. चहा पी, उरलेला बघ, मग त्याला सोलून काढ. मी मीठ आणून देईन."

"मला जे दिसायचं ते दिसलं, ताई."

"अर्ध्यातून उठणाऱ्याची तक्रार असते. मत नसतं. हे मी खिडकीत लोकांना सांगायचे, मालकासमोर."

"तुम्ही त्याची बाजू घेताय. तो येऊन तुमच्या पाया पडत असेल."

"पाया? तो भांडतो माझ्याशी. तुझ्याइतकाच आगाऊ आहे." मग म्हणालात, "तुझं पत्रक वाचलं. छान लिहितेस. वाईट सिनेमा असतो तसं आहे ते. कुठे चिडायचं, कुठे टाळी वाजवायची, सगळं आधीच ठरवून ठेवलंयस. वाचणाऱ्याला काही कामच नाही."

मी फोन बंद केला. तुम्ही परत केला नाहीत. मीही केला नाही. अकरा दिवसांनी तुमची भाची अनघा हिचा मेसेज आला, की तुम्ही सकाळी उठलाच नाहीत.

त्या अकरा दिवसांत तुम्ही हे घराबाहेर कुणालाही सांगितलं नाहीत. मंडळींपैकी कुणालाच नाही, अमोललाही नाही. ज्या बाईने मालकाची बोलणी खाऊन अनोळखी माणसांना खरं सांगितलं, ती माझ्या बाबतीत तोंड मिटून बसली. हे मला कसं समजावून घेऊ?

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी अमोलला फोन केला. नंबर अनघाने दिला. तो लगेच म्हणाला, "हो, ओळखलं. पत्रकवाल्या ना?"

मी म्हणाले, "मला तुमच्या सिनेमाचा दुसरा भाग बघायचाय."

"दुसरा भाग म्हणजे?"

"मध्यंतरानंतरचा. मी तो बघितलेला नाही."

त्याने शिव्या दिल्या तर बरं, असं मला वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "लिंक पाठवतो," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी अख्खा सिनेमा पहिल्यापासून बघितला. मध्यंतरानंतर कॅमेरा त्या घरातून खाली उतरतो. पुन्हा वर जात नाही, शेवटची दोन मिनिटं सोडून. कारखान्याच्या फाटकावर एक म्हातारा कामगार हातात वही धरून उभा आहे आणि कामावरून काढलेल्यांची नावं वाचतो आहे. एकेक नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. प्रत्येक नावाला गर्दीतून एक जण म्हणतो, "हाय." दर वेळी चेहरा दिसतो. एकाच्या गालाला साबण राहिलाय. एक जण "हाय" म्हणायला विसरतो, शेजारचा त्याला कोपर मारतो. एक नाव वाचल्यावर कुणीच बोलत नाही, म्हातारा थांबतो, पुन्हा वाचतो, मग मागून बाईचा आवाज येतो, "हाय. दवाखान्यात हाय." त्रेचाळीस नावं आहेत. मी मोजली. कुठेही घाई नाही, एकही नाव कापलेलं नाही.

संपूर्ण सिनेमात एकाही कामगाराला नाव नाही.

मी लॅपटॉप बंद केला नाही. शेवटपर्यंत बघितला. आणि शेवटी मला पुन्हा राग आला, पण तो वेगळा राग होता, कारण या वेळी मला माहीत होतं कशाचा. शेवटच्या दोन मिनिटांत कॅमेरा परत वर जातो. साहेब खिडकीत उभा राहून खाली बघतो, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, व्हायोलिन सुरू होतं, आणि सिनेमा त्याच्या चेहऱ्यावर संपतो. त्रेचाळीस माणसांनी "हाय" म्हणायचं, आणि शेवटचा चेहरा साहेबाचा! हे मला लिहिता आलं असतं. हे खरं होतं. मी खऱ्या गुन्ह्यापर्यंत पोचलेच नाही. वाटेतच एक खोटा गुन्हा बनवला आणि त्याला शिक्षा देऊन मोकळी झाले.

त्याच दुपारी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील की जाऊ दे, मुद्दा तर बरोबर होता ना. बाबा म्हणाले, "दुरुस्तीचं पत्रक काढ. जेवढ्या प्रती वाटल्या तेवढ्याच, जिथं वाटल्या तिथंच. आणि स्वतःच्या हातानं. दुसऱ्याला पाठवायचं नाही." त्यांच्या युनियनमध्ये हा रिवाज होता. एकदा कुठल्याशा सुपरवायझरवर चुकीचा आरोप छापला गेला होता तेव्हा बाबा स्वतः पाळी सुटायच्या वेळी फाटकावर उभे राहिले होते, लोक तोंडावर हसत असताना. हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. पत्रकं कशी लिहायची ते सांगितलं, घड्या घालायला शिकवलं, आणि हे एक सांगायचं राहून गेलं.

सभेला मी दुरुस्तीच्या प्रती घेऊनच आले होते. सगळ्यांचं बोलून झालं. तुमच्या आठवणीत पुढच्या रविवारी एक सिनेमा दाखवायचं ठरत होतं. "सगळ्यांना आवडेल असा," कुणीतरी म्हणालं. आई-मुलाच्या प्रेमाचा एक गोड सिनेमा सुचवला गेला. तोच, ज्याला तुम्ही 'साखरेच्या पाकातला पाक' म्हणाला होतात. मी उठले आणि म्हणाले, मला एक सांगायचंय. मी अमोलच्या सिनेमावर जे लिहिलं ते अर्धा सिनेमा बघून लिहिलं. त्यातलं एक विधान खोटं आहे. शकूताईंना ते माहीत होतं.

मग अरविंदकाका हळूच म्हणाले, "समता, आज नको गं."

"मग कधी?"

"आज त्यांचा दिवस आहे."

"त्यांच्याच दिवशी सांगतेय."

"वाद होईल."

"त्या खोलीत दर रविवारी काय व्हायचं, काका? भजन?"

मी प्रती वाटायला सुरुवात केली. काहींनी घेतल्या, काहींनी हात मागे घेतले. अरविंदकाकांनी घेतली, चष्मा लावून वाचली, आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "त्या दिवशी संपल्यावर शकूताई काय म्हणाल्या सांगू? साहेबाला रडवायला नको होतं, म्हणाल्या. बाकी पोरगं लक्ष देऊन बघतं."

म्हणजे तुम्हालाही तेच खटकलं होतं! मी त्या दिवशी थांबले असते तर आपण दोघी एका बाजूला असतो. पहिल्यांदाच. तुम्ही फोनवर हे का नाही सांगितलंत? मला बोलवून, दाखवून, माझ्या तोंडून ते काढून घ्यायचं होतं तुम्हाला. तुमचा तो खिडकीतला माज. आधी बघा, मग बोला. मान्य, पण वेळ किती होता तुमच्याकडे?

अमोल सभेला आला होता. मागे उभा होता, मला ठाऊक नव्हतं. बाहेर फुटपाथवर त्याने मला गाठलं. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमचा सिनेमा दाखवू. मी सगळ्यांशी बोलते."

"नको. माझा सिनेमा तुमच्या प्रायश्चित्तासाठी नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला. "माफी राहू द्या. बघितलात ना पूर्ण? मग सांगा."

"वाईट आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "काय?"

"त्या फाटकाच्या प्रसंगासारखं मी काही बघितलेलं नाही. आणि म्हणूनच वाईट आहे. त्या माणसांची नावं घेतलीत आणि शेवटी त्या नावांवर साहेबाला रडवलंत. ते व्हायोलिन कुणासाठी होतं?"

"साहेब रडला नसता तर कुणी बघितला असता हा सिनेमा? कुणी पैसे घातले असते?"

"म्हणजे बघणाऱ्यांसाठी त्यांना खाली उभं केलंत!"

"ए, तोंड सांभाळून बोल," तो ओरडला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. "त्या वहीतली नावं खरी आहेत. माझ्या वडिलांबरोबर काढलेल्यांची. सातवं नाव माझ्या बापाचं आहे. मी त्यांना खाली उभं केलं?"

मग मी म्हणाले, "मग तुझ्या बापानंतर साहेबाचा चेहरा का ठेवलास?"

तो भिंतीला टेकला. सभेतली माणसं जिना उतरून येत होती, आमच्याकडे बघून रस्ता ओलांडून जात होती. शोकसभेच्या दारात भांडतात म्हणजे काय, असं एक बाई मोठ्याने म्हणाल्यासुद्धा. पाच-दहा मिनिटांनी अमोल म्हणाला, "हे लिही. हे जे आत्ता बोललीस ते. पण नावासकट लिही, आणि मला आधी दाखवू नकोस."

कालपासून दोन दिवस मी दुरुस्ती वाटते आहे. कॉलेजच्या फाटकावर एका मुलाने वाचून विचारलं, "म्हणजे आता चांगलाय का सिनेमा?" मी म्हणाले, नाही. "मग दुरुस्ती कसली?" मी त्याला वीस मिनिटं समजावलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही. स्वारगेटजवळच्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने प्रत न वाचताच टेबलावर ठेवली. "तारखा गेल्या हो मॅडम," म्हणाला. "आता दिवाळीपर्यंत लग्नं आणि लावण्या." तो खेळ आता होणार नाही. दोनशे प्रती वाटून झाल्या तरी होणार नाही. हे मी केलं.

आणि थोडं तुम्हीही केलंत, ताई. अनघाने मला काल सांगितलं. चपलांचं तुम्ही तिला सांगितलं होतं म्हणे. ती म्हणाली होती, मावशी, सरळ सगळ्यांना सांग ना, त्या मुलाचा सिनेमा अडकलाय. तर तुम्ही म्हणालात, "तिला स्वतः येऊन सांगू दे. येईल ती."

एवढा विश्वास माझ्यावर कुणी सांगितला होता ठेवायला? अरविंदकाकांना तुम्ही भर खोलीत सोललंत. रांगेतल्या परक्या माणसाला मालकासमोर खरं सांगितलंत. आणि माझी लाज राखायला अकरा दिवस गप्प बसलात, आणि त्या अकरा दिवसांत त्या मुलाच्या दोन्ही खेळांच्या तारखा निघून गेल्या. मी त्याचं नुकसान केलं ते रागाच्या भरात. तुम्ही होऊ दिलंत ते माझ्यावरच्या प्रेमापोटी. त्याला दोन्हींत काय फरक? तुम्ही चुकलात, शकूताई. वाईट चुकलात. एखाद्या सिनेमात हे पात्र असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की म्हातारीला उगीच गोड केलंय.

सभेत सगळ्यांनी तुम्हाला न विचारता माफ करून टाकलं. मी नाही करणार. माफ केलं की भांडण संपतं, आणि मला तुमच्याशी अजून पुष्कळ भांडायचं आहे.

समता